दिर्चे आत्याची अकरा माणसं

ही गोष्ट घडलेली आहे. मी सत्तावीस वर्षं आमच्या शहरातल्या दैनिकात बातमीदार आहे. डोळ्यांनी पाहिलेलं एका बाजूला आणि कानांनी ऐकलेलं दुसऱ्या बाजूला लिहायची मला सवय आहे. या गोष्टीत पाहिलेलं फार थोडं आहे.

रात्र नव्हती.

शनिवार, १२ ऑगस्ट २०१७. दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटं. फेरारा, इटली.

ऑगस्टच्या मध्यावर आमचं शहर रिकामं होतं. सगळे समुद्रावर जातात. बंद शटरांवर हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या उरतात, ‘२८ तारखेला उघडू’. मागे राहतात म्हातारी माणसं, पारवे, आणि पान भरायला बसवलेला एखादा बातमीदार. त्या वर्षी तो मी होतो.

माझी आत्या, दिर्चे, तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांची होती. लग्न केलं नाही. एक्केचाळीस वर्षं ती या शहरात परवानाधारक गाईड होती. पायी फिरवायची. बस नाही, घोडागाडी नाही. “शहर तळव्यांनी वाचायचं,” म्हणायची. निवृत्त होऊन तिला सोळा वर्षं झाली होती. तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची.

तिच्या खालच्या मजल्यावरच्या नीवेसबाईंचा मला जुलैपासून चौथा फोन आला होता.

“तुझी आत्या रोज दुपारी बाहेर पडते. भर उन्हात रस्त्याच्या मधोमध उभी राहते. बोलते.”

“कोणाशी?”

“तेच तर तुला बघायला सांगतेय. मी काही वेडी नाही, एर्मेस. तिथे कोणी नसतं.”

माझी बहीण तोरिनोला असते. तिने परस्पर समाजसेविकेशी बोलून तारीख घेतली होती, ४ सप्टेंबर. आत्या घरात एकटी राहू शकते की तिला वृद्धाश्रमात हलवायचं, ते त्या दिवशी ठरणार होतं. शहरात नातेवाईक म्हणून मी एकटाच, त्यामुळे माझा शब्द शेवटचा.

आत्याला हे माहीत होतं. एकदाच बोलली होती त्याबद्दल. “तिथे सगळे बसून असतात रे. मला बसायची सवय नाही. तेवढं करू नकोस.”

म्हणून मी स्वतः बघायला गेलो होतो.

ती खाली आली. पायांत सपाट बूट, डोक्यावर गवती हॅट, हातात मिटलेली निळी छत्री. दारात थांबली. मागे वळली. बोट हवेत हळूहळू पुढे सरकवत मोजू लागली.

“...नऊ, दहा, अकरा. चला.”

छत्री उंच धरून ती चालू लागली.

तिच्यामागे कोणीही नव्हतं.

मी समोरच्या फुटपाथवरून रस्ता ओलांडला. तिने मला लगेच पाहिलं.

“डॉक्टरने पाठवलं की नीवेसने?”

“कोणी नाही गं. सहज आलो.”

“सहज! कामाशिवाय कधी आला होतास? नाताळला येतोस तेही घड्याळ बघत.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “आलास तर शेवटी चाल. मधे घुसू नकोस. आजची माणसं चांगली आहेत.”

“मी धरून बारा का मग?”

“तुला मोजत नाही मी. तू घरचा.”

मी हसलो. ती हसली नाही.

मी जरा गंभीर होऊन विचारलं, “आत्या, तुला खरंच दिसतात ते?”

मी काहीतरी बालिश प्रश्न केल्यासारखी ती माझ्याकडे बघायला लागली.

“दिसतात? छे. कधीच दिसले नाहीत.” छत्री दुसऱ्या हातात घेत म्हणाली, “मोजता येतात.”

आम्ही हिऱ्यांच्या राजवाड्यापाशी आलो. संगमरवराचे साडेआठ हजार दगड, प्रत्येकाला हिऱ्यासारखं टोक. भिंतीच्या विरुद्ध बाजूला सावलीची एक पट्टी होती. आत्या तिथे गेली नाही. सावलीकडे तोंड करून ती रस्त्यात उन्हात उभी राहिली.

नीवेसबाईंनी सांगितलेलं मला तेव्हा कळलं.

गाईडची ही जुनी रीत आहे. पाहुणे सावलीत, गाईड उन्हात. पाहुण्यांच्या डोळ्यांवर ऊन येता कामा नये. ती रीत पाळत होती... रिकाम्या सावलीसमोर.

“खालच्या ओळीतली टोकं जमिनीकडे झुकलेली आहेत,” ती सांगत होती. “मधली सरळ. वरची आकाशाकडे. म्हणून उजेड कुठूनही आला तरी कुठल्या ना कुठल्या ओळीला सापडतो. आता तुम्ही डोकं हलवा. भिंत हलेल.”

मी डोकं हलवलं. बावन्न वर्षं मी या भिंतीसमोरून जातो आहे. खरंच हलली.

तिच्या मानेवरची कातडी सोलवटून लाल झाली होती. हे रोजचं होतं. औषधांच्या दुकानाबाहेरच्या पाटीवर अडतीस अंश दिसत होते.

“आत्या, पाणी पी.”

“आधी ते फोटो काढू देत.”

किल्ल्यापाशी खंदकाच्या कठड्यावर पारवे बसले होते. आत्या त्यांच्या बाजूने गेली, एकही हलला नाही. ती चार पावलं पुढे गेली...

आणि मग ते उडाले. एकदम नाही. दोन, तीन, पुन्हा दोन. रांगेने कोणी बाजूने जावं तसे.

मी तिच्यापासून दहा-बारा पावलं मागे होतो.

मी स्वतःला समजावलं. पारवे आहेत, उडणारच.

तिथून आम्ही व्होल्ते गल्लीत शिरलो. अरुंद गल्ली, खाली गोट्यांची फरसबंदी, वर घरांना घरं जोडणाऱ्या कमानी. तिथे चिमणी उतरली तरी ऐकू येते. त्या दुपारी एकही खिडकी उघडी नव्हती. एकाही घरातून भांड्याचा आवाज येत नव्हता.

माझ्या बुटांचा आवाज येत होता. आत्याच्या बुटांचाही.

आणि...

मी आधी प्रतिध्वनी म्हणून सोडून दिलं. कमानींखाली आवाज फिरतो, हे आम्हाला लहानपणापासून माहीत असतं. तरी खात्री करावी म्हणून मी अचानक थांबलो.

आवाज थांबले नाहीत.

पुढे आत्याने छत्री उंच केली आणि तीही थांबली. तेव्हा ते थांबू लागले. आधी तिच्या जवळचे. मग मधले. एकामागून एक, रमतगमत चालणारी माणसं पुढचा थांबला की थांबतात तसे.

मग गल्ली शांत झाली.

आणि माझ्या मागे...

टक.

टक.

टक.

गोट्यांवर काठी टेकवत कोणीतरी सावकाश येत होतं.

मी वळून पाहिलं. गल्ली तोंडापर्यंत मोकळी होती. कडेला एक मांजर पसरलं होतं. ते उठलं, कोणाला तरी वाट देऊन भिंतीला चिकटलं, आणि पुन्हा जागेवर येऊन पडलं.

“मागचे साहेब!” आत्या ओरडली. “सगळी कमान इथूनही दिसते हो! या!” मग मला म्हणाली, “त्यांचं रोजचंच आहे. सारखं वर बघत चालतात. छतं फार आवडतात त्यांना. कधीतरी पडतील नि माझ्या डोक्याला ताप होईल.”

माझ्या मागे कोणी येतंय, हे मी तिला एका अक्षरानेही सांगितलं नव्हतं.

मी तिथून निघून जायला हवं होतं की नको, यावर मी नंतर बराच विचार केला. पण तिचा चेहरा आता विटेच्या रंगाचा झाला होता आणि घाम येणं थांबलं होतं. उष्माघाताच्या बातम्या मी दर उन्हाळ्यात लिहितो. घाम थांबणं म्हणजे काय, मला ठाऊक आहे.

“आत्या, आता घरी.”

“सान तेओनेस्तो राहिलं. तिथलं छत दाखवीन असं कबूल केलंय मी त्यांना. आज नाही तर मग पंधरा दिवस नाही.”

सान तेओनेस्तो हे विटांचं छोटं चर्च आहे. त्याची किल्ली ओरियानोकडे असते. ओरियानो आणि मी एका वर्गात होतो. आम्ही पोहोचलो तेव्हा तो दारात उभा होता, अर्धी चड्डी आणि चपलांवर. समोर गाडी उभी होती, टपावर सामान बांधलेलं. आत त्याची बायको मिरेल्ला, मांडीवर कलिंगड घेऊन.

“दिर्चेबाई! आज किती?”

“अकरा.”

“सगळे शहाणे आहेत ना? मागच्या वेळी कोणीतरी माझी मेणबत्ती विझवली.”

“ती वाऱ्याने विझली. तुझ्या दाराला फट आहे, ओरियानो, आणि तुझ्या डोक्यालाही.”

तो खदखदून हसला. मला बाजूला घेऊन म्हणाला, “लेका, म्हातारीला टोपलीत घालून घरी ने. मी दहा मिनिटं देतो. मग कुलूप. सत्तावीसला उघडणार.”

गाडीतून मिरेल्ला ओरडली, “ओरियानो! कलिंगड शिजलं इथे!”

आत गार होतं. अंधार होता. आमच्याकडच्या छोट्या चर्चमध्ये असतं तसं भिंतीवर एक पेटी होती. नाणं टाकलं की दोन मिनिटं छतावर दिवा लागतो. आत्याने नाणं टाकलं.

निळं छत. सोनेरी चांदण्या. कडेने म्हाताऱ्या प्रेषितांचे चेहरे, आणि त्यातला एक खाली वाकून बघणारा.

“हा एकटाच आपल्याकडे बघतो,” आत्या म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. तो म्हातारीचा आवाज नव्हता. “बाकीचे देवाकडे बघतात. चित्रकाराचं नाव कोणाला माहीत नाही. त्याने इथे सात महिने पाठीवर झोपून काम केलं, आणि वेळ जावा म्हणून खाली कोण येतंय ते बघायचा. मला वाटतं, त्याने हा स्वतः काढला.”

तिच्याकडे बघताना माझ्या मनात आलं, ही बाई आजारी नाही. ही कामावर आहे.

दिवा विझला.

काही क्षण काहीच दिसलं नाही. आत्या पर्समध्ये दुसरं नाणं शोधत होती.

उजवीकडे, ऑर्गन वाद्याच्या गॅलरीकडे जाणारा लाकडी जिना आहे. त्याच्यासमोर दोरी बांधलेली असते. वर जायला मनाई आहे.

तिथून...

टक.

पायरी करकरली.

टक.

पुन्हा करकर.

मी मोजलं. नऊ पायऱ्या. मग डोक्यावरच्या फळ्यांवर दोन पावलं. मग काहीच नाही. छताच्या अगदी जवळ जाऊन कोणीतरी उभं राहिलं होतं.

“नाणं नाही उरलं,” आत्या म्हणाली. “चला बाहेर. सांभाळून, पायरी आहे.”

बाहेर तिने नेहमीची जागा घेतली. दारासमोर, उन्हात. बाहेर येणाऱ्यांना मोजायला.

“एक. दोन. तीन, चार...” बोट सरकत होतं. “नऊ. दहा.”

बोट हवेत थांबलं.

“एक राहिला.”

ओरियानो आत गेला, डोकावून परत आला. “बाई, कोणी नाही. आईशप्पथ.”

“एक राहिला.”

हॉर्न वाजला.

“दिर्चेबाई, मला दीड तासाचा रस्ता आहे. पुढे गर्दी लागेल.”

“मग जा. किल्ली दे.”

“किल्ली कशी देऊ? पाद्रीबाबा मला फासावर चढवतील.”

“एक्केचाळीस वर्षं,” आत्या म्हणाली, “एकही माणूस मागे टाकलेलं नाही मी. एकदा एका जर्मन बाईसाठी मी राजवाड्यासमोर तीन तास उभी होते, पावसात. तू मला घाई सांगू नकोस.”

ती डोलली. मी तिचा दंड धरला. कातडी तव्यासारखी तापली होती आणि कोरडी होती.

“मी बघून येतो,” मी म्हणालो.

मी आत गेलो.

इथे मला सगळं नीट लिहायला हवं. तो कुठे आहे, हे मला माहीत होतं. दोरी ओलांडून नऊ पायऱ्या चढायच्या, आणि म्हणायचं, साहेब, चला, सगळे थांबलेत. एवढंच काम होतं.

मी जिन्यापाशी उभा राहिलो. वर बघितलं. काळोख होता.

वरून... कोणीतरी श्वास सोडला. समाधानाने सोडतात तसा. काहीतरी सुंदर बघून.

मी चढलो नाही. मी घाबरलो.

दारापाशी परत आलो. दार उघडं धरलं आणि मोठ्याने म्हणालो, “या साहेब, या. हात देऊ? सावकाश.” कोणाला तरी पुढे जाऊ दिल्यासारखा बाजूला झालो. मग आत्याकडे वळलो. “अकरा. झाले सगळे.”

तिने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे.

“तू बघितलंस?”

“हो.”

“काठी होती?”

“होती.”

आयुष्यभर तिने दुसऱ्याच्या शब्दावर मोजणी केली नसेल. त्या दिवशी केली. ऊन होतं, डोकं गरगरत होतं, आणि मी घरचा होतो.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “चला.”

ओरियानोने किल्ली दोनदा फिरवली. आत्या छत्री उचलून पुढे निघाली. आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो असू...

मागून आवाज आला.

दारावर. आतून. खाली, गुडघ्याच्या उंचीवर.

टक. टक. टक.

जोरात नाही. रागाने नाही. आपल्या हातून चूक झाली असं वाटणारा माणूस वाजवतो तसं.

आत्याला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. दार तिच्या डाव्या हाताला मागे होतं.

मी थांबलो नाही. तिला उन्हात पुन्हा उभी करायची नव्हती, हे कारण होतं. ते खरं कारण होतं. पण एकटंच नव्हतं.

परतीच्या वाटेवर व्होल्ते गल्लीच्या तोंडाशी तिने सवयीने मोजलं. मी तिच्या बोटाकडे बघत होतो. दहावर थांबलं. तिने पुन्हा सुरुवातीपासून मोजलं. पुन्हा दहा.

मला वाटलं ओरडेल. तिने छत्री खाली घेतली आणि थोडा वेळ रिकाम्या सावलीकडे तोंड करून उभी राहिली. ओठ हलत होते, मला ऐकू आलं नाही.

मग ती एकटीच चालू लागली.

मी तिच्यामागे गेलो. गल्लीत आमच्या दोघांच्याच बुटांचा आवाज होता.

घराच्या दाराशी तिने किल्ली काढली.

“आत्या, बाकीचे कुठे आहेत?”

“मी सांगितलं त्यांना. ते परत गेले. दारापाशी थांबतो म्हणाले, तो येईपर्यंत.”

“तू रागावलीस?”

“तुझ्यावर? तू गाईड आहेस का?” तिने दार लोटलं. “परवाना माझा आहे.”

मी तिला पाणी पाजलं, ओले टॉवेल ठेवले, डॉक्टरला बोलावलं. दुसऱ्या दिवशी ती बरी होती. नीवेसबाईंचा फोन आला, आवाजात आनंद मावत नव्हता. आत्या बाहेर पडली नव्हती.

नंतरच्या दिवशीही नाही.

पंधरा दिवस ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून होती. टीव्ही लावून द्यायचो, तर बघायची. जेवण ठेवलं, तर खायची. मी विचारलं, काही हवंय का? नाही म्हणाली. वेळ जाता जाईना असं तिचं आजवर कधी झालं नव्हतं. मी तिला पूर्वी कधी बसलेली पाहिलीच नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

२७ ऑगस्टला सकाळी मी सान तेओनेस्तोसमोर जाऊन थांबलो. ओरियानो आला, काळा ठिक्कर पडलेला, नाकाची कातडी निघालेली.

दारासमोर सावली होती. चौकात पारव्यांची गर्दी होती, सगळे उन्हात बसलेले. सावलीत एकही नव्हता.

ओरियानोने किल्ली कुलपात घातली. फिरवली नाही. हात काढून घेतला.

“तू उघड,” तो म्हणाला.

“का?”

“उघड ना.”

मी त्याच्याकडे बघितलं. “तू ऐकलं होतंस?”

“बायको हॉर्न वाजवत होती,” तो म्हणाला, आणि जाऊन कठड्यावर बसला.

मी किल्ली दोनदा फिरवली. दार उघडलं. आतून बंद घराचा गार वास आला. मी दार धरून बाजूला उभा राहिलो. या वेळी नाटक नव्हतं.

“या,” मी म्हणालो. “माझी चूक झाली.”

बराच वेळ काही नाही.

मग वर, फळ्यांवर... दोन पावलं. जिना. नऊ पायऱ्या. फरशी. आवाज माझ्या अगदी जवळून गेला. माझ्या हातावरचे केस उभे राहिले, पण वारा लागला नाही. उंबऱ्यावर तो थांबला. मग उन्हात उतरला.

सावलीतून पावलं निघाली. बरीच. कोणी कोणाला काही विचारावं तसा मधेच एक थांबा झाला. मग सगळी मिळून चालू लागली.

मी वाट बघत होतो, ती व्होल्ते गल्लीकडे वळतील. आत्याच्या घराचा रस्ता तिकडून आहे.

ती वळली नाहीत. नदीच्या बाजूच्या वेशीकडे गेली. शहराबाहेर. मी ऐकत राहिलो, ऐकू येईनाशी होईपर्यंत.

मी जवळजवळ पळतच आत्याकडे गेलो. तीन मजले चढून दम लागला होता.

“आत्या, उघडलं दार. बाहेर आला तो. सगळे भेटले एकमेकांना.”

तिने टीव्हीचा आवाज कमी केला. “कोणत्या बाजूला गेले?”

मी सांगितलं.

ती मान हलवत राहिली, जणू उत्तर तिला आधीच माहीत होतं. “बरोबर आहे. ज्याने एक माणूस मागे टाकला त्याच्याबरोबर पुढे कोण चालेल? मीही नसते चालले.”

“मी टाकला, आत्या. तू नाही.”

“मोजणी माझी होती.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, “तो वर होता ना? वाद्यापाशी?”

“हो.”

“तसं सांगायचं होतंस मला. मी जाऊन आणला असता. पाच मिनिटांचं काम होतं.”

४ सप्टेंबरला समाजसेविका आली. तरुण, चांगली मुलगी होती. आत्याने तिला कॉफी करून दिली आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगितलं की मला घेऊन चला. मुलीला आश्चर्य वाटलं. बहुतेक लोक भांडतात, म्हणाली. मग तिने माझ्यासमोर फॉर्म ठेवला.

तिसरा प्रश्न होता, ‘व्यक्ती घरात एकटी राहते का?’

मी ‘हो’ लिहिलं. बातमीदार म्हणून सांगतो, ते उत्तर बरोबर होतं. महिन्याभरापूर्वी ते चूक ठरलं असतं.

आत्या वृद्धाश्रमात चौदा महिने राहिली. मी दर शनिवारी जायचो, घड्याळ घरी ठेवून. ती बसलेली असायची. शहराबद्दल कधी बोलली नाही. मी एकदा छताचा विषय काढला, तर म्हणाली, “तू सांग. मी ऐकते.” मला सांगता आलं नाही.

ती गेली ती नोव्हेंबरमधल्या एका दुपारी, तीनच्या सुमारास. मी तेव्हा कचेरीत पान लावत होतो. वृद्धाश्रमाच्या वहीत नोंद ‘शांतपणे’ अशी आहे.

मी चौकशी केली. तिच्या खोलीत दुसऱ्या खाटेवर तेरेसिनाबाई म्हणून एक होत्या, नव्वदीच्या, पण कान तीक्ष्ण. मी त्यांच्याजवळ बसलो आणि विचारलं, शेवटी कोणी आलं होतं का? पावलं वाजली का? बरीच पावलं? नीट आठवून सांगा.

मला काय ऐकायचं होतं ते त्यांना कळलं असावं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

“तिने मला दार उघडं ठेवायला सांगितलं होतं, बाळा. मी नर्सला सांगून उघडून घेतलं. दोन तास उघडं होतं. तीही बघत होती, मीही बघत होते.”

“मग?”

“कोणी आलं नाही.”